ड्रॉइंग मास्तरची वाट : मुंबई, नागपूर, रायपूर
(कलाशिक्षकाच्या पेशाचा इतिहास आणि मराठी वाङ्मयातील त्याची नोंद)

१. प्रश्नाची मांडणी

रायपूरच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. हिंदी पाटीवर ‘कॉलोनी’ आणि मराठी बोलण्यात ‘कॉलनी’ अशी या वस्तीची दोन रूपे आहेत. बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाची भाषिक स्थिती या दोन रूपांमधल्या अंतरात नेमकी दिसते. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि नोकरीसाठी जे प्रमाणपत्र लागेल त्याची भाषा इंग्रजी. अशा घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने ‘मला चित्रकलेची शिक्षिका व्हायचे आहे’, ‘मला कलाशिक्षक व्हायचे आहे’ असे म्हटले, तर त्या वाक्यामागे कोणता इतिहास उभा असतो? प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे.

प्रश्न वरवर शिक्षणशास्त्राचा वा व्यवसाय-मार्गदर्शनाचा वाटेल. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, मराठी मध्यमवर्गाला कलेवर उदरनिर्वाह करण्याचा जो पहिला प्रतिष्ठित मार्ग सापडला, तो चित्रकाराचा नसून चित्रकला शिक्षकाचा होता. दुसरे असे की, या पेशाने दिलेली सुरक्षितता आणि त्याने घातलेली मर्यादा या दोहोंचा ठसा मराठीतील कलाविषयक आत्मपर लेखनावर पडला आहे, आणि तो शेजारच्या बंगालीतील अशा लेखनापेक्षा वेगळा आहे. हा वेगळेपणा समजून घ्यायचा तर पेशाचा इतिहास आणि वाङ्मयाचा इतिहास एकत्र वाचावे लागतात.

२. हुद्द्याचा जन्म

सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये देऊ केलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा उभी राहिली आणि १८५७ मध्ये तिचे वर्ग सुरू झाले. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग तेथे आले. ते ज्या परंपरेतून आले ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची होती, आणि त्या परंपरेच्या दृष्टीने चित्रकला हे हात आणि डोळा यांना शिस्त लावण्याचे साधन होते. कारागिराला नमुना अचूक उतरवता यावा, यंत्रज्ञाला आराखडा वाचता यावा, हा तिचा हेतू होता. शाळांमध्ये ‘ड्रॉइंग’ हा विषय आला तो या उपयुक्ततेच्या दारातून. सौंदर्यबोधाचे दार त्याला नंतर सापडले.

१८७९ मध्ये जे. जे. स्कूलमध्ये चित्रकलेचे शिक्षण स्वतंत्र विषय म्हणून सुरू झाले आणि १८९३ मध्ये चित्रकला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम निघाला. आपल्या विषयाच्या दृष्टीने १८९३ हे वर्ष १८५७ इतकेच महत्त्वाचे आहे. त्यापूर्वी चित्र काढणारा माणूस हा एक तर परंपरेने चितारी होता किंवा संस्थानिकाच्या आश्रयाला होता. त्यानंतर तो सरकारमान्य परीक्षा उत्तीर्ण झालेला, पगाराच्या पत्रकावर सही करणारा आणि निवृत्तिवेतनाची आशा बाळगणारा ‘ड्रॉइंग मास्तर’ झाला. जातीने चितारी नसलेल्या, लेखनवाचनावर जगणाऱ्या घरांतील मुलांना रंगाची पेटी हातात घेण्याची सामाजिक मुभा या हुद्द्याने दिली. ‘मुलगा चित्रे काढतो’ या वाक्यातली काळजी ‘मुलगा हायस्कुलात ड्रॉइंग शिकवतो’ या वाक्याने मिटली.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे परीक्षा. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन ग्रेड परीक्षा आजही महाराष्ट्रातील शाळकरी मुले देतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन ही त्यांची विषयवार मांडणी पाहिली की साउथ केन्सिंग्टनची छाया किती लांबवर पडली आहे हे कळते. १९६५ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र कला संचालनालय स्थापन झाले आणि या परीक्षांची, तसेच कलाशिक्षक पदविकेची सूत्रे त्याच्याकडे गेली. अलीकडच्या काळात दहावीच्या निकालात या परीक्षेच्या श्रेणीनुसार सात, पाच वा तीन वाढीव गुण मिळतात. चित्रकलेचे मोल अशा रीतीने पुन्हा एकदा दुसऱ्या कशाच्या तरी टक्केवारीत मोजले जाते. ‘ड्रॉइंग’चे मूळ प्रयोजन उपयुक्ततेचे होते हे लक्षात घेतले, तर या गोष्टीचे फारसे नवल वाटू नये.

३. मुंबईबाहेरचे गुरुजन

मुंबईत तयार झालेली ही व्यवस्था मुंबई इलाख्यापुरती राहिली नाही. ज्या प्रदेशांत मराठी बोलणारा सुशिक्षित वर्ग होता तेथे ती त्याच्याबरोबर गेली. याची दोन केंद्रे विशेष लक्षणीय आहेत : इंदूर आणि नागपूर.

इंदूरला १९२७ मध्ये कलाशाळा सुरू झाली आणि तिचे नेतृत्व दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांनी केले. होळकरांच्या संस्थानातील या एका शाळेतून नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जोशी, विष्णू चिंचाळकर बाहेर पडले. मकबूल फिदा हुसेन यांनीही काही काळ तेथे धडे घेतले. शिक्षण इंदूरचे, पण पदविकेची मोहोर मुंबईची, असा तेथील रिवाज होता. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये मिळवलेली शासकीय कलापदविका मुंबईची होती. पुढे १९५० मध्ये ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला विभागाचे प्रमुख झाले, १९५९ मध्ये अधिष्ठाता झाले आणि १९६६ मध्ये त्यांनी ते पद सोडले. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाममोहम्मद शेख, रतन परिमू ही त्यांच्या काळातील विद्यार्थ्यांची नावे. देवळालीकरांकडून बेंद्रे आणि बेंद्र्यांकडून बडोद्याची पिढी ही साखळी पाहिली, तर विसाव्या शतकातील भारतीय चित्रकलेचा एक मोठा प्रवाह एका मराठी कलाशिक्षकाच्या वर्गातून निघालेला दिसतो. तरीही सर्वसामान्य मराठी वाचकाला बेंद्रे ठाऊक असतात, देवळालीकर ठाऊक नसतात. शिष्याच्या कीर्तीत गुरूने विरघळून जावे हा या पेशाचा अलिखित नियमच जणू.

नागपूरचे केंद्र आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे. रायपूर १९५६ पर्यंत मध्यप्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगढाचा नागपूरशी राजकीय संबंध होता. रायपुरातील तात्यापारा ही जुनी वस्ती त्या काळाची आठवण नावातच बाळगून आहे. १८८० नंतरच्या दशकात नागपूर–राजनांदगाव लोहमार्ग झाला, तो बंगाल–नागपूर रेल्वेत सामील होऊन पूर्वेकडे वाढला, आणि वकील, कारकून, मास्तर यांची ये-जा सोपी झाली. कला शिकू पाहणाऱ्या मध्यप्रांतातील तरुणाला जवळचे ठिकाण होते नागपूर स्कूल ऑफ आर्ट. बापूराव आठवले यांनी चालवलेली ही शाळा. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात तेथे शिकले आणि मग मुंबईस जे. जे. स्कूलमध्ये गेले.

रझांच्या चरित्रातील दोन गोष्टी कलाशिक्षकाच्या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हव्यात. पहिली, त्यांनी तरुणपणी काही काळ गोंदिया येथे शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून नोकरी केली. नागपूर–रायपूर लोहमार्गावरील हे गाव. पुढे १९५० मध्ये पॅरिसला गेलेला हा चित्रकार कलेत ज्या पायरीवरून चढला ती पायरी ‘ड्रॉइंग मास्तर’ची होती. दुसरी गोष्ट अधिक अर्थपूर्ण आहे. मंडला जिल्ह्यातील ककैया गावच्या प्राथमिक शाळेत नंदलाल झारिया या गुरुजींनी चंचल मुलाचे मन एकाग्र व्हावे म्हणून भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसायला सांगितले, ही आठवण रझा जन्मभर सांगत राहिले. त्यांच्या उत्तरायुष्यातील ‘बिंदू’चे मूळ ते त्या भिंतीवर शोधत. नंदलाल झारिया हे काही चित्रकलेचे शिक्षक नव्हते. ते गावचे मास्तर होते. प्रमाणपत्राच्या व्यवस्थेने निर्माण केलेला ड्रॉइंग मास्तर आणि प्रमाणपत्राविना पाहायला शिकवणारा गावमास्तर, या दोघांनाही रझांच्या घडणीत स्थान आहे. या पेशाचा मूळ पेच येथेच आहे. काढायला शिकवणे परीक्षेत मोजता येते, पाहायला शिकवणे मोजता येत नाही.

या दुसऱ्या प्रकारच्या शिक्षणाचा विचार मुंबईबाहेर दोन ठिकाणी झाला. वर्ध्याला १९३७ मध्ये नई तालीमची मांडणी झाली आणि सेवाग्राम येथे १९४४ पासून शांतिनिकेतनचे विद्यार्थी देवी प्रसाद यांनी मुलांना कला शिकवली. मुलाने मोठ्यांसारखे चित्र काढावे ही अपेक्षाच त्यांनी सोडून दिली. इकडे इंदूरला विष्णू चिंचाळकर, सर्वांचे ‘गुरुजी’, वाळकी पाने, काटक्या, फाटके कागद यांतून आकृती शोधायला मुलांना शिकवत राहिले. २००० मध्ये त्यांचे निधन झाले. साधन विकत घ्यावे लागत नाही, नजर तयार करावी लागते, हे त्यांचे सूत्र गरीब शाळेच्या कलाशिक्षकाला आजही उपयोगी पडणारे आहे.

याच पट्ट्यातील साकोली गावी १९१७ मध्ये शंकर पळशीकर जन्मले. नागपूरहून रायपूरला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे भंडारा जिल्ह्यातील गाव. ते जे. जे. स्कूलमध्ये शिकले, तेथेच शिक्षक झाले आणि १९६८ ते १९७५ या काळात अधिष्ठाता होते. गायतोंडे, तय्यब मेहता, अकबर पदमसी यांच्यावरील त्यांच्या प्रभावाचा उल्लेख कलासमीक्षक वारंवार करतात. म्हणजे पूर्वेकडच्या सीमावर्ती भागाने केवळ मुंबईकडून घेतले असे नाही. त्याने मुंबईला तिचा एक श्रेष्ठ शिक्षकही दिला.

४. सीमारेषेनंतर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि रायपूर मध्यप्रदेशात राहिले. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. रायपूरच्या मराठी घरांसाठी या घटनेचा अर्थ भावनिक होता तसाच व्यावहारिकही होता. गोंदियापर्यंतची शाळा एका शिक्षणखात्याखाली आली, डोंगरगढच्या पुढची दुसऱ्या. ज्या ग्रेड परीक्षा आणि पदविका यांच्या आधारे कलाशिक्षकाची नेमणूक होत असे, त्या परीक्षांचा प्रदेश आणि नोकरीचा प्रदेश आता एक राहिला नाही.

योगायोग असा की त्याच वर्षी, त्याच सीमेच्या अलीकडे एक नवे केंद्र उदयाला आले. खैरागढचे राजे बीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी आपला राजवाडा देऊन १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन केले. त्याच्या प्रारंभीच्या काळात कुलगुरुपदी होते पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, भातखंडे परंपरेचे मराठी संगीतज्ञ. संगीताच्या बरोबरीने येथे दृश्यकलांचेही शिक्षण सुरू झाले. यामुळे एक मूलभूत फरक पडला. मुंबईच्या पद्धतीत कलाशिक्षण शासकीय पदविकेचे होते, जे. जे. स्कूल मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाले ते १९८१ मध्ये. खैरागढला ते प्रथमपासून विद्यापीठीय होते. रायपूरच्या विद्यार्थ्यापुढे त्यामुळे दोन वाटा राहिल्या. एक पश्चिमेकडची, नागपूरची : कलाशिक्षक पदविका, जिचा रोख शाळेच्या वर्गाकडे आहे. दुसरी जवळची, खैरागढची : ललितकलेची पदवी, जिचा रोख कलाकृतीकडे आहे. पहिली वाट शिक्षक घडवते आणि त्याने चित्रकार व्हावे अशी फार अपेक्षा करत नाही. दुसरी चित्रकार घडवते आणि त्याला पुढे शिकवता येईल असे गृहीत धरते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि रायपूर राजधानी झाली, तरी या दोन वाटांमधील तणाव सुटलेला नाही.

या भूभागात मराठी मातृभाषेचे शिक्षक-लेखक हिंदीत थोर ठरले, ही तुलनाही येथे उद्बोधक ठरेल. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ सुरू केले. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून १९६४ मध्ये झालेल्या निधनापर्यंत राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक होते. त्यांचे बंधू शरच्चंद्र नागपुरात मराठीत लिहीत होते. भाषेच्या शिक्षकाला प्रांत बदलला तर भाषा बदलावी लागली, पण लिहिल्यामुळे त्याची नोंद राहिली. चित्राच्या शिक्षकाला भाषा बदलावी लागली नाही, कारण त्याचे माध्यम सीमेपाशी अडत नव्हते. मात्र त्याच माध्यमामुळे तो वाङ्मयाच्या नोंदीबाहेर राहिला.

५. वाङ्मयातील नोंद

मराठीत कलाशिक्षकाने लिहिलेले सर्वांत महत्त्वाचे आत्मकथन म्हणजे रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ (१९४०). १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून जे. जे. स्कूलमध्ये आलेले धुरंधर १८९६ मध्ये तेथेच शिक्षक झाले, १९१० मध्ये हेडमास्तर झाले आणि काही काळ संस्थेचे प्रमुखपद सांभाळून १९३१ मध्ये निवृत्त झाले. ग्रंथाचे शीर्षकच बोलके आहे. आयुष्याचे माप येथे संस्थेतील सेवाकाळाने घेतले आहे. जन्मापासून नव्हे, प्रवेशापासून निवृत्तीपर्यंत. ‘कलामंदिर’ हा शब्द भक्तीचा आहे आणि ‘एकेचाळीस वर्षे’ ही संख्या सेवापुस्तिकेची आहे. मराठी कलाशिक्षकाच्या जाणिवेत या दोन्ही गोष्टी एकमेकींना खेटून नांदतात.

याच्या शेजारी बंगालीतील लेखन ठेवून पाहावे. अवनींद्रनाथ ठाकूर यांनी १९२० च्या दशकात कलकत्ता विद्यापीठात वागीश्वरी अध्यासनावरून दिलेली व्याख्याने बंगाली गद्याचा अभिजात नमुना म्हणून वाचली जातात. शांतिनिकेतनात शिकवणाऱ्या विनोदबिहारी मुखोपाध्याय यांनी दृष्टी गेल्यानंतर केलेले आत्मपर लेखन ‘चित्रकर’ या नावाने प्रसिद्ध आहे. तेथे शिक्षक आपल्या पाहण्याविषयी लिहितो. संस्था ही पार्श्वभूमी असते. मराठीत शिक्षक आपल्या संस्थेविषयी लिहितो. पाहणे हे गृहीत असते. हा भेद प्रतिभेचा नव्हे, पेशाच्या घडणीचा आहे. बंगालमध्ये कलाशिक्षकाची कल्पना अवनींद्रनाथांच्या घराच्या आणि रवींद्रनाथांच्या आश्रमाच्या परिसरात घडली, महाराष्ट्रात ती सरकारी परीक्षेच्या सभागृहात घडली. संभाजी कदम, बाबूराव सडवेलकर अशा जे. जे.च्या शिक्षकांनी पुढे सौंदर्यविचाराचे आणि समीक्षेचे लेखन केले, तेव्हा हा साचा काही प्रमाणात मोडला. पण ते सारे मुंबईत, कलाशाळेच्या आत. हायस्कुलातील ड्रॉइंग मास्तर मराठी कथा-कादंबऱ्यांत येतो तो बहुधा ओझरता : स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवणारा, फळ्यावर खडूने सुविचार रेखाटणारा, परीक्षा जवळ आली की आपली तासिका गणिताच्या शिक्षकाला देऊन टाकणारा. या व्यक्तिरेखेतला विनोद वाचकाला कळतो. त्यातला अपमान क्वचितच कळतो.

६. समारोप

हा अपमान केवळ वाङ्मयीन नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शाळेची पटसंख्या शंभरावर असेल तर, कलाशिक्षणाकरिता ‘अंशकालीन’ शिक्षकाची तरतूद आहे. विज्ञान, भाषा, सामाजिक शास्त्रे यांना शिक्षक, आणि कला, आरोग्य व कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक, असा तो भेद आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण दहावीपर्यंत आवश्यक मानले होते आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कलेची सर्व विषयांशी सांगड घालण्याचा आग्रह धरला आहे. धोरणाची भाषा पूर्णवेळ आणि पदाची भाषा अर्धवेळ, हे अंतर आजच्या इच्छुकाने जाणून घेतले पाहिजे. कलेची सांगड सर्व विषयांशी घालताना ती कोणीही शिकवू शकतो असा समज रूढ झाला, तर १८९३ मध्ये जन्मलेला हुद्दा शांतपणे विसर्जित होण्याचा धोका आहे.

मग चौबे कॉलनीतील त्या मुलीला, त्या मुलाला या इतिहासातून काय मिळते? नोकरीची हमी नक्कीच नाही. एक परंपरा मात्र मिळते, आणि ती वाटते तितकी दुय्यम नाही. इंदूरच्या एका वर्गाशिवाय बेंद्रे नाहीत, आणि बेंद्र्यांशिवाय बडोद्याचे ते पहिले बहरलेले पर्व नाही. साकोलीच्या पळशीकरांशिवाय मुंबईच्या अमूर्त चित्रकलेचा इतिहास नीट सांगता येत नाही. गोंदियाच्या वर्गात फळ्यापुढे उभा राहिलेला मास्तर पॅरिसला जाऊन ककैयाच्या भिंतीवरचा ठिपका आठवतो. यांपैकी काही माणसे ज्या लोहमार्गाच्या आणि रस्त्याच्या आसपास जन्मली वा वावरली, त्याच मार्गावर रायपूर आहे.

चित्रकाराचे काम भिंतीवर टांगता येते, कवीचे छापता येते. शिक्षकाचे काम दुसऱ्याच्या हातात असते, आणि म्हणून कलेच्या वा साहित्याच्या प्रचलित इतिहासपद्धतीत त्याला जागा सापडत नाही. ती जागा करायची तर इतिहासकाराला कलाकृतींच्या यादीबरोबर हजेरीपटही वाचावा लागेल : शाळांच्या सेवापुस्तिका, ग्रेड परीक्षांचे निकाल, मंडळांच्या वार्षिक अहवालांतील प्रदर्शनांच्या नोंदी, गणेशोत्सवाच्या स्पर्धांचे कागद. बृहन्महाराष्ट्रातील महाराष्ट्र मंडळांकडे असे दप्तर असते आणि त्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने आजवर दुर्लक्ष केले आहे. दप्तरे जीर्ण होत आहेत आणि ज्यांनी त्या वर्गांत प्रथम ब्रश धरला त्या पिढ्या ओसरत आहेत. मराठी कलाशिक्षकाचा इतिहास लिहायचा असेल तर तो आता, आणि मुंबईपासून दूर असलेल्या गावांतून लिहायला घेतला पाहिजे.